नाते अस्पष्ट

लिंग हा माझा विषय आहे, असं मी गेली अठ्ठावीस वर्षं चारचौघांत छाती पुढे काढून सांगत आलो, आणि आजवर कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी शाळेत व्याकरण शिकवतो. तो ग्रंथ, ती पोथी, ते पुस्तक. तो देह, ती काया, ते शरीर. फळ्यावर 'लिंग ओळखा' लिहिलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. ती मी दोन मिनिटं पिकू देतो आणि 'वचन बदला'कडे वळतो. अशा माणसाच्या आयुष्यात काही घडेल असं कोणाला वाटेल? पण आमच्या शाळेत कारकून आहेत.

हे कारकून कुठलाही कागद शेरा मारल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत, म्हणून सगळे त्यांना शेरेसाहेब म्हणतात. त्यांना ते आवडतं. त्यांच्या खिशात लाल शाईचं एक पेन असतं आणि ते पेन बाहेर निघालं की मोठ्या बाईसुद्धा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकासुद्धा, जरा सावरून बसतात. तर एका सोमवारी वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं: नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'समलिंगी व्यक्ती आणि विविधतेचा स्वीकार' या विषयावर एक तास घ्यावा व अहवाल तीन प्रतींत पाठवावा. शेरेसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'लिंग – व्याकरण विभाग. सरांकडे द्यावे.'

मी तडक त्यांच्या टेबलाशी गेलो. "शेरेसाहेब, यातलं लिंग वेगळं आहे."

"लिंगं किती असतात सर?"

"तीन."

"चौथं आहे का एखादं?"

"नाही."

"मग यातलं वेगळं कुठलं?"

व्याकरणाने मला असं तोंडघशी पाडण्याची ही पहिलीच वेळ होती. मी शिक्षक-खोलीत जाऊन विज्ञानाच्या सरांना म्हटलं, अहो, हा तुमचा प्रांत. ते शांतपणे चहा ढवळत म्हणाले, "मी प्रजनन शिकवतो. यात प्रजनन कुठंय?" इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडची सगळी माणसं मेलेली आहेत. त्यांच्या खासगी गोष्टींत मी पडत नाही." खेळाचे सर शिट्टी घेऊन मैदानावर निघून गेले.

मोठ्या बाईंनी मात्र माझं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, शिकवा. जरूर शिकवा. फक्त तो शब्द न वापरता शिकवा."

"कोणता शब्द?"

"तोच."

"बाई, समासाचा धडा मी समास हा शब्द न वापरता कसा शिकवणार?"

"तुम्ही भाषेचे आहात. काढाल काहीतरी वाट."

पुढची भानगड परवानगीच्या चिठ्ठ्यांची. पालकांना चिठ्ठी पाठवायची, आपल्या पाल्यास अमुक विषय शिकवण्यास हरकत नाही म्हणून. पण शब्द वापरायचा नाही, तर अमुकच्या जागी घालायचं काय? शेरेसाहेबांनी तिथे टिंबंटिंबं दिली. 'आपल्या पाल्यास ........... शिकवण्यास माझी हरकत नाही.' त्रेचाळीस चिठ्ठ्या घरोघरी गेल्या आणि मला वाटलं आता गहजब होणार. तसलं काही झालं नाही. एक्केचाळीस पालकांनी न वाचता सही केली. एका आईने खाली विचारलं होतं, सोबत पाण्याची बाटली द्यायची का? आणि एका वडिलांनी रिकाम्या जागा भरा समजून टिंबांवर सुरेख अक्षरात 'पोहणे' असं लिहून सही ठोकली होती.

आता शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला यायला हवं. मी ग्रंथालयात गेलो. आमच्या ग्रंथपाल बाई आणि मी एकोणीस वर्षं मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर डबा खातो. कमी बोलणारी बाई. पुस्तकांवर शिक्के मारताना त्यांचा हात असा चालतो की बघत राहावं. मी त्यांना माझी टिपणं दाखवली. अकरा पानं झाली होती. संस्कृतातलं लिंग, प्राकृतातलं लिंग, 'तो वेळ' आणि 'ती वेळ' अशा दोन्ही लिंगी चालणाऱ्या शब्दांची यादी, सगळं होतं.

बाईंनी अकरा पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सर, यात माणूस कुठे आहे?"

"येईल की. बाराव्या पानावर."

"हे बघा, तुम्ही शब्दाच्या मागच्या अर्ध्या भागात अडकलायत. हा विषय लिंगाचा नाहीच. एखाद्या बाईचा जीव बाईवरच जडतो, एखाद्या पुरुषाचा पुरुषावर. जडतो तो जडतो, ठरवून नाही. बाकी ती माणसं भाजी आणतात, विजेचं बिल विसरतात, भांडतात. हा विषय जीव जडण्याचा आहे." एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी खणातून एक अर्ज काढला. "सर, मलाही तुमची मदत हवीय. एक शब्द हवाय."

अर्ज रजेचा होता. त्यांच्या घरी ज्या राहतात त्यांच्या पोटात गाठ निघाली होती, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन होतं. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी आठ दिवसांची रजा मिळते, पण अर्जात 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना आहे. बाईंनी त्यात 'मैत्रीण' लिहिलं होतं. त्यावर लाल शाईत शेरा होता, 'नाते अस्पष्ट.' दुसऱ्या अर्जात त्यांनी 'घरातील व्यक्ती' लिहिलं. शेरा तोच, खाली रेघ मारून.

शब्द म्हटलं की मला चेव चढतो. मी म्हटलं, "सहनिवासिनी?"

"वसतिगृह वाटतं."

"सखी?"

"कवितेत ठीक आहे. शेरेसाहेबांपुढे?"

"पण बाई, नक्की कोण लागतात त्या तुमच्या?"

"तेच तर विचारतेय सर," त्या म्हणाल्या, "काय लागते ते."

आणि मी, अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतला कर्ता शोधून देणारा माणूस, 'बघतो हं' म्हणून अकरा पानं उचलून बाहेर पडलो! समोर ढळढळीत उत्तर बसलं होतं आणि मी शब्दकोश चाळायला घरी गेलो. याला काय म्हणावं?

घरी मी तालीम सुरू केली. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. ती म्हणाली, "अहो, व्याख्या कसली देताय? मुलांना सरळ सांगा की उद्या तुमच्या मित्राने असं सांगितलं तर काय कराल. त्यांनाच विचार करू दे." मला ते पटलं. सकाळी सहाला बाथरूममध्ये जाऊन मी मोठ्याने म्हणायला लागलो, कारण वर्गात आवाज पोचायला हवा. वाक्य असं होतं: "मुलांनो, उद्या तुमचा एखादा मित्र तुम्हाला म्हणाला की मी समलिंगी आहे, मला हे किती वर्षं सांगायचं होतं, तर तुम्ही काय कराल?"

आमच्या इमारतीत बाथरूमच्या मागून चारही मजल्यांचा एकच डक्ट जातो. आणि वाक्याच्या सुरुवातीला माझा नळ सुरू होता. बादली भरल्यावर मी तो बंद केला, तो नेमका कुठल्या शब्दापाशी, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

साडेसातला वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खाली आले. एरवी दारातूनच वर्तमानपत्र मागतात, आज आत येऊन बसले. बराच वेळ माझ्याकडे मायेने बघत राहिले.

"सर, धीराचं काम केलंत."

"कसलं?"

"या वयात. आमच्या काळी असं बोलायची सोय नव्हती हो. आमच्या ऑफिसात एक जण होता. कधी बोलला नाही. बदली मागून गेला." त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनींना माहितीये?"

"काय, ते सकाळचं? तिनेच तर वाक्य सुचवलं."

पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले. "थोर बाई," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र न घेताच गेले.

तोवर जिन्यात समोरच्या काकूंनी बायकोला कवटाळलं होतं. "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे गं. मन घट्ट कर. पण भांडू नकोस त्यांच्याशी, माणूस वाईट नाही." बायको वर आली ती हसून हसून भिंतीला टेकली. मला हसू येईना. मी धावत खाली गेलो, काकूंना सांगितलं. वर गेलो, पोस्टमास्तरांना सांगितलं. वाटेत पेपरवाला, तळमजल्यावरचा शिंपी, पाण्याच्या टाकीचं बघायला आलेला प्लंबर, सगळ्यांना गाठून सांगितलं, "मी त्यातला नाही हो! शाळेचा धडा होता तो!" प्लंबरला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला आता माहिती झालं.

दोन दिवस हेच चाललं. कोणी जास्त वेळ माझ्याकडे बघितलं की मी खुलासा करायचो. जितका खुलासा करावा तितका लोकांचा विश्वास उडायचा. पोस्टमास्तर म्हणाले, "असू दे सर, नका सांगू, तुमच्या सोयीने घ्या." शेवटी बायको वैतागली.

"अहो, इतकं ओरडून काय सांगताय? कोणी चोरीचा आळ घेतलाय का तुमच्यावर?"

ते मला लागलं. जिन्यात उभा राहून मी विचार केला की खरंच, माझं कोणी काय घेतलं होतं? कोणी मारलं नाही, कामावरून काढलं नाही, उलट एका म्हाताऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं. तरी फक्त बघितलं जाण्याने मी दोन दिवसांत रडकुंडीला आलो होतो. आणि ज्याला हे खोटं आहे असं सांगून सुटताच येत नाही, त्याने काय करायचं? पोस्टमास्तरांच्या ऑफिसातला तो बदली मागून गेला. आणखी काय करतात? गप्प राहतात. कमी बोलतात. एकोणीस वर्षं मधल्या सुट्टीत शेजारी बसून डबा खातात आणि... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाज वाटली, दुसरं काही नाही. 'तंबाखू' कोणत्या लिंगी चालतो याचा मी चार महिने पाठपुरावा केला होता. पण शेजारच्या बाईंना घरी कोण असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला आणि विचारलं, "बाई, तुमचा डबा कोण करतं?"

त्यांचा हात थांबला. "तीच करते. माझं मीठ कायम जास्त पडतं."

"किती वर्षं?"

"बावीस."

मी मान हलवली. "मी शेरेसाहेबांना समजावून सांगू?"

"नको. सांगायचं तर मी सांगेन. तुम्ही सांगायचं नाही." मग म्हणाल्या, "गुरुवारी तिला आत नेताना मी बाहेर असायला हवी सर. बाकी कोणी काही म्हणू दे. तिला भूल द्यायची भीती वाटते."

तो दिवस मंगळवार होता. तास बुधवारी. गुरुवार काही थांबणार नव्हता.

बुधवारी नववीच्या वर्गाला रंग देत होते, म्हणून तास ग्रंथालयात ठेवला आणि एक फळाही तिकडे नेला. त्रेचाळीस मुलं पुस्तकांच्या कपाटांमध्ये दाटीवाटीने बसली. एक मुलगी टॉवेल घेऊन आली होती, तिच्या वडिलांचं अक्षर सुरेख होतं. मोठ्या बाई मागे खुर्ची टाकून बसल्या. शेजारी शेरेसाहेब, मांडीवर फाइल, अहवालाच्या तीन प्रतींसाठी. कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रंथपाल बाई शिक्के मारत होत्या. ठप. ठप.

मी सुरुवात केली. "मुलांनो, जगात काही माणसं... असतात."

"कशी सर?" वर्गात पहिल्या बाकावर बसणारी चष्मेवाली. हिने एकदा मला षष्ठीच्या प्रत्ययावरून अर्धा तास पिदडलं होतं.

"म्हणजे... तशी."

"तशी म्हणजे समलिंगी का सर?"

मागे मोठ्या बाईंना ठसका लागला. मी मात्र सुटलो. शब्द मी वापरलेला नाही, अहवालात तशी नोंद व्हावी. त्यानंतर माझ्या टिपणांची गरजच उरली नाही. मुलं धडाधड विचारत होती. सर, हे कळतं कसं? सर, तुम्हाला तुमचं कसं कळलं? याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला कधी शोधावंच लागलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. तेच मी सांगितलं. मग खिडकीशी बसलेल्या एका मुलीने खाली बघत विचारलं, "सर, घरच्यांनी बोलणं टाकलं तर?"

"त्याला माझ्याकडे उत्तर नाही," मी म्हटलं. "पण शाळेने टाकायचं नाही, एवढं मला नक्की कळतं. असं कोणाचं झालं तर सरळ माझ्याकडे यायचं." हे मी ठरवलेलं नव्हतं. आवाज वर्गापेक्षा मोठा निघाला.

चष्मेवालीचा हात पुन्हा वर. "सर, व्याकरणाचा प्रश्न आहे."

अहाहा! मी खडू उचलला.

"माझी आजी आजोबांचं नाव घेत नाही. 'आमचे हे' म्हणते. आजोबा 'आमची ही' म्हणतात. मग दोघी बायकाच असल्या, तर एक दुसरीला काय म्हणेल?"

त्या क्षणी मी सगळं विसरलो. परिपत्रक विसरलो, मोठ्या बाई विसरलो. अठ्ठावीस वर्षांत इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे. ही. "बघा, सर्वनामाचं लिंग कशावरून ठरतं? बोलणाऱ्यावरून? छे! जिच्याबद्दल बोलायचं तिच्यावरून. आजोबा 'ही' म्हणतात ते स्वतः पुरुष आहेत म्हणून नाही, आजी बाई आहे म्हणून. तेव्हा ती बाई आपल्या बाईबद्दल काय म्हणेल? 'आमची ही'! काहीही बदलावं लागत नाही. बोलणारं कोण आहे, हे व्याकरण विचारतच नाही!" मला इतका आनंद झाला की मी खडू हवेत उडवला. तो शेरेसाहेबांच्या फाइलवर पडला.

"हो, पण सर," चष्मेवाली म्हणाली, "असं खरंच कोणी म्हणतं का?"

ठप ठप थांबली होती. ग्रंथपाल बाई शिक्का हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी तो टेबलावर सावकाश आडवा ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या.

"उद्या आमच्या हिचं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या.

एवढंच. मी बाईंकडे बघू शकेना, फळ्याकडे बघत राहिलो.

मग त्रेचाळीस मुलं एकदम बोलायला लागली. "कसलं ऑपरेशन बाई?" "दुखेल का?" "माझ्या मामीचं झालंय, तिसऱ्या दिवशी चालायला लागली." "बाई, त्या पण पुस्तकं वाचतात?" "बाई, मग उद्या तुम्ही शाळेत नसणार ना?"

"असणार," बाई म्हणाल्या. "रजा मंजूर झालेली नाही."

"का?" हे त्रेचाळीस जणांनी एका सुरात विचारलं, आणि एका सुरात सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मोठ्या बाईंचीसुद्धा.

शेरेसाहेब इतक्या नजरांखाली कधी बसलेले नव्हते. त्यांनी फाइल उघडली. अर्ज होता त्यातच. "नाते अस्पष्ट होतं," ते चाचरत म्हणाले. "नियम आहे. नाते स्पष्ट असावे. मी माझ्या मनाने काही..."

"आता झालं की स्पष्ट," चष्मेवाली म्हणाली.

शेरेसाहेबांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "लिहा," त्या म्हणाल्या. "सही मी करते. इथंच."

शेरेसाहेबांनी लाल पेन खिशात ठेवलं आणि माझ्याकडे हात पुढे करून निळं मागितलं. नात्याच्या रकान्यावर वाकून त्यांनी 'आमची' एवढं लिहिलं, आणि थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, बिनसलं.

"सर," त्यांनी मान वर न करता विचारलं, "खाडाखोड झाली तर वरचं कार्यालय अर्ज परत पाठवतं. यातली 'ही' पहिली की दुसरी?"

"दुसरी," मी म्हणालो. "शेवटी कायम दीर्घच असते."